जुळी घरी येतात तेव्हा



निवृत्त फौजी माणसाला बोलायला बोलावलं की श्रोत्यांची एक अपेक्षा असते. बर्फ, बंदूक, सरहद्द असं काहीतरी ऐकायला मिळेल. या मालिकेच्या संयोजकांनाही तसंच वाटलं होतं. मी फोनवर माझा विषय सांगितला तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. विषय असा : दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली जुळी बाळं हॉस्पिटलातून घरी आणणे, आणि पहिला दीड महिना त्यांना सांभाळणे.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार काय, हे आधी सांगतो. मी डॉक्टर नाही. बी.ए. करून फौजेत गेलो, चौतीस वर्षं पायदळात काढली, आता बायकोबरोबर महूला राहतो. माझी स्वतःची मुलगी जन्मली तेव्हा मी पोस्टवर होतो. तारेने बातमी कळली आणि मुलगी प्रत्यक्ष पाहिली ती एकेचाळिसाव्या दिवशी. तेव्हा सुट्टीचा हिशेब तसाच असायचा. त्यामुळे तान्ह्या बाळाचा पहिला महिना कसा असतो, हे मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. आणि पाहिलं ते एकदम दोन बाळांचं.

मुलगी आणि जावई इंदूरला असतात. दोघंही नोकरी करणारी. सोनोग्राफीत जुळी आहेत हे कळल्यावर डॉक्टरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं की जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत येतात, तेव्हा तयारीत राहा. आमची आली तेहतीस आठवडे पुरे झाल्यावर, डिसेंबरच्या थंडीत. आधी मुलगा, त्याचं वजन 2 किलो 50 ग्रॅम. सहा मिनिटांनी मुलगी, तिचं वजन 1 किलो 540 ग्रॅम. घरात त्यांना आम्ही थोरला आणि धाकटी म्हणतो. सहा मिनिटांचं थोरलेपण, पण आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपण म्हणतो, 'बाळाला घरी आणलं', जणू एक मोहीम संपली. पेढे वाटले, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, झालं. पण कमी वजनाच्या बाळासाठी हॉस्पिटलच्या दारापासून पुढेच खरी जोखीम सुरू होते. आत काचेची पेटी होती, नर्स होती, मॉनिटर होता. बाहेर आपण असतो. फौजेत एक तुकडी दुसऱ्या तुकडीकडे पोस्ट सोपवते तेव्हा नुसतं हस्तांदोलन करून कोणी जात नाही. कुठे काय आहे, कुठून धोका आहे, रात्री कुठल्या बाजूला कान ठेवायचा, हे सगळं प्रत्यक्ष फिरून दाखवावं लागतं. डिस्चार्जच्या दिवशी नर्सबाईंकडून अशीच पोस्ट ताब्यात घ्यायची असते.

आमच्या बाबतीत हे हस्तांतर दोनदा झालं. थोरला नवव्या दिवशी घरी यायला तयार झाला. धाकटी मात्र अजून नळीने दूध घेत होती. आता जुळ्यांच्या घरात हा प्रसंग नेहमी येतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एकाला न्यायचं आणि एकाला ठेवायचं. मुलगी म्हणाली, दोघांनाही इथेच राहू दे, मी एकाला घेऊन जाणार नाही. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की तब्येत ठीक असलेलं बाळ उगाच वॉर्डात ठेवणं म्हणजे त्याला संसर्गाच्या तोंडी ठेवणं. ते पटण्यासारखं होतं. पण पटलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

थोरला घरी आला. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. एक दूरच्या मावशी म्हणाल्या, जोडीतलं एक आणलं आणि एक मागे ठेवलं, हे बरं नाही दिसत. माझी बायको फोनवर एवढंच म्हणाली, "मागे नाही ठेवलं हो, तिची बदली व्हायची आहे अजून." फौजीची बायको आहे ती.

पुढचे पंधरा दिवस मुलगी सकाळी हॉस्पिटलात जायची, दिवसभर धाकटीजवळ थांबायची आणि संध्याकाळी घरी यायची. घरी आली की थोरल्याला जवळ घ्यायची आणि नजर घड्याळाकडे. एका संध्याकाळी मला म्हणाली, "बाबा, मी कुठेही असले तरी चुकीच्या ठिकाणीच असते."

या वाक्यावर उपदेश करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी कागद घेतला आणि ड्युटी लावायला बसलो. तेवढंच मला येतं.

तो हिशेब तुम्हालाही सांगतो, कारण जुळ्यांच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यात आहे. अशा बाळाला साधारण दर दोन तासांनी दूध लागतं. म्हणजे दिवसाला बारा वेळा. दोन बाळांचे चोवीस. लहान बाळ हळू पितं, दमतं, मध्येच झोपतं. ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं धरून एका वेळेला अर्धा तास तरी जातोच. चोवीस गुणिले अर्धा तास म्हणजे बारा तास. दिवसाचे बारा तास नुसते दूध पाजण्यात. उरलेल्या बारा तासांत त्या मुलीने जेवायचं, टाके सांभाळायचे, अंघोळ करायची, दूध काढून ठेवायचं आणि झोपायचं. फौजेत एका जवानाला असा पहारा मी एक आठवडासुद्धा दिला नसता. घरोघरी आपण तो बाळंतिणीला देतो आणि वर म्हणतो, आईला सगळं जमतं.

तेव्हा आमची ड्युटी अशी लागली. रात्री दहा ते दोन आजी. दोन ते सहा मी, कारण पहाटेचा पहारा माझ्या अंगवळणी पडलेला. सहा ते नऊ जावई, मग त्याचं ऑफिस. मुलीने रात्री साडेदहाला पाजून झोपायचं ते अडीचपर्यंत. मधल्या वेळी तिने आधी काढून ठेवलेलं दूध आम्ही वाटी-चमच्याने द्यायचं. वाटी, चमचा उकळून घेतलेला. बाटली नाही. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर खोलीत चार तास चालतं, फ्रिजमध्ये चोवीस तास, असं नर्सबाईंनी शिकवलं होतं. प्रत्येक वाटीवर वेळेची चिठ्ठी. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कोणीही, म्हणजे कोणीही, बाळाला हात लावायचा नाही. सिंकवर तशी पाटी लावली. जावयाच्या वडिलांनी ती वाचून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात धुतले. त्या दिवसापासून आमची मैत्री वाढली.

आता उबेबद्दल. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते स्वतःची ऊब राखू शकत नाही. अंग गार पडलं की सगळी ताकद गरम राहण्यात जाते, वजन वाढत नाही, आणि पुढे जिवावरही बेततं. काखेतलं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. यावर जगातला सगळ्यात स्वस्त उपाय कुठे सापडला, माहीत आहे? दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे. 1978 मध्ये तिथल्या हॉस्पिटलात बाळं जास्त आणि पेट्या कमी, अशी अवस्था होती. डॉक्टर एडगर रेय यांनी आयांनाच पेटी करायचं ठरवलं. बाळ फक्त लंगोट आणि टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभं ठेवायचं आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. कांगारूच्या पिशवीवरून त्याला नाव मिळालं कांगारू मदर केअर.

सुरुवातीला लोकांना हा गरिबांचा उपाय वाटला. पण 2021 साली पाच देशांतल्या हॉस्पिटलांमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं. एक किलोपासून ते 1.8 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीवर ठेवलं, तर स्थिर झाल्यावर ठेवण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्लाच दिला की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितका जास्त वेळ शक्य आहे तितका, असं ठेवावं.

इथे आजोबांचा संबंध येतो. छाती आईचीच पाहिजे असं नाही. बाप, आजी, आजोबा, घरातलं कोणीही निरोगी माणूस हे करू शकतं. मुलगी धाकटीजवळ हॉस्पिटलात असायची, तेव्हा थोरला माझ्या छातीवर असायचा. शर्टाची बटणं उघडी, वरून बायकोची जुनी मऊ सुती साडी बांधलेली, त्यावर शाल. आरामखुर्चीत जरा मागे रेलून बसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा काही श्वास घेत नाही. मग कळलं की माझाच श्वास रोखलेला होता. दोन किलोचा ऐवज तो. आमच्या वेळची भरलेली पाण्याची बाटलीसुद्धा याहून फार हलकी नव्हती. पण तिचं ओझं मला कधी जाणवलं नव्हतं आणि याचं जाणवत होतं.

चोविसाव्या दिवशी धाकटी घरी आली. वजन 1 किलो 790 ग्रॅम. आपल्या तोंडाने दूध पीत होती, तीन दिवस सलग वजन वाढत होतं, पेटीबाहेर ऊब टिकत होती. या तीन गोष्टी झाल्याशिवाय आम्ही घाई केली नाही. गाडीत मागे तोंड करून बसवायची लहान बाळांची सीट मागच्या बाजूला पक्की केली होती. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती सोडा. एअरबॅग बाळासाठी काय करते याची कल्पनाही नको.

ज्यांना गाडीची सोय नाही त्यांनी लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर जून 2011 पासून सुरू असलेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात आईबाळाला घरी पोचवायची गाडी मोफत असते. मागायला लाजू नका, तो हक्क आहे. आणि घरी आल्यावर आशाताई ठरलेल्या दिवशी भेटीला येतात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्या येतात तेव्हा चहा जरूर द्या, पण आधी त्यांना बाळ दाखवा.

ही घरभेटीची पद्धत आली कुठून, तर तिची मुळं आपल्या गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत तिथल्या गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा. तपासायला आणि उपचाराला घरापर्यंत माणूस गेला. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. हॉस्पिटल बांधलं नाही, शिकलेली नजर घराघरात पोचवली. देशाने पुढे हीच वाट धरली. मी महाराष्ट्राबाहेर राहतो, पण हे इथल्या लोकांना सांगताना छाती जरा फुगते.

आता सांगतो ते नीट ऐका. याच्यासाठीच मी आज बोलायला आलो आहे.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी इंग्रजीत बारीक अक्षरांत धोक्याच्या खुणा लिहिलेल्या असतात. बहुतेक घरांत ते कार्ड फायलीत जातं आणि फाइल कपाटात. मी त्या खुणा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावल्या. बाळ दूध घेत नाही किंवा ओढायचं थांबलं. झटके आले. शांत असताना श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. अंग तापलं, म्हणजे साडेसदतीस किंवा त्याहून वर. अंग गार पडलं, साडेपस्तीसच्या खाली. हात लावल्याशिवाय हालचाल नाही. तळहात आणि तळपाय पिवळे. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. खाली डॉक्टरांचा नंबर आणि 108.

त्याच्या शेजारी दोन वह्या. थोरल्याची हिरवी, धाकटीची लाल. किती वाजता दूध, किती मिली, शू, शी, तापमान. जुळ्यांच्या घरात वही अत्यावश्यक. रात्री तीन वाजता कोणाला पाजलं आणि कोणाला नाही, हे तीन थकलेली माणसं तीन प्रकारे सांगतात.

धाकटीला घरी येऊन चार रात्री झाल्या होत्या. दोन वाजता मी पहाऱ्यावर आलो. आजीने सांगितलं, साडेबाराला जरा कंटाळत प्यायली. लाल वहीत पाहिलं. साडेदहाला 25 मिली, साडेबाराला 10. अडीच वाजता मी वाटी-चमचा घेतला. पहिला चमचा ओठांवरून खाली ओघळला. दुसराही. तळपायाला टिचकी मारली, तर डोळे किलकिले केले आणि परत मिटले. पाय गार होते, पण पाय थंडीत गार असतातच. मी पोटाला हात लावला. पोटही गार होतं. थर्मामीटर काखेत धरला. 35.4.

कागदावरच्या दोन खुणा. मी मुलीला आणि जावयाला उठवलं. चर्चा झाली नाही. जावयाने 108 लावला. मुलीने धाकटीला छातीवर घेतलं, आम्ही साडी बांधली, शाल पांघरली. लाल वही आणि फाइल जावयाच्या हातात दिली. ते तिघं गेले. मी आणि आजी थोरल्याजवळ राहिलो. आमच्यात कोणी काही बोललं नाही. साडेचारला थोरल्याची दुधाची वेळ झाली, ती मी हिरव्या वहीत लिहिली.

धाकटीच्या रक्तात जंतुसंसर्ग होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचं नीट दूध कधी घेतलं? जावयाने वही उघडून दाखवली. तासाभरात प्रतिजैविकं सुरू झाली. आठ दिवस ती पुन्हा आत होती. सुटताना डॉक्टरबाई मुलीला म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नसतं, पुष्कळदा ते नुसतं गार आणि गप्प होतं, आणि घरच्यांना वाटतं, किती शहाण्यासारखं झोपलंय. तुम्ही सकाळपर्यंत थांबला असता तर आपण हे बोलत नसतो.

म्हणून सांगतो, जुळ्यांतलं एक रडत असेल तर बिनधास्त असा. जे गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.

त्याच मुक्कामात, एकोणतिसाव्या दिवशी, धाकटीची डोळ्यांची तपासणी झाली. थोरल्याची त्याच आठवड्यात झाली होती. हे अनेकांना माहीत नसतं. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढत आहेत का, हे तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवं. फारच लहान बाळाला त्याआधीही. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, त्यामुळे शंका येत नाही. वेळेत कळलं तर लेसरने उपचार होतात. वेळ गेली तर कायमचं अंधत्व. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. कान तपासायलाही सांगतील, तेही करा.

आता आपल्या रीतीभातींबद्दल. मी रीती मानणारा माणूस आहे. पाचवीला सटवाई पूजली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. जुळी म्हणून आजीने दोन कागद ठेवले, एकावर दोघांचं नशीब नको म्हणाली. बारसं मात्र बाराव्या दिवशी केलं नाही, दोघं घरी सुखरूप आल्यावर, दोन महिन्यांनी केलं. एका पाळण्यात दोघं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू बाळंतिणीला भरपूर. पण गुटी, मध, वरचं पाणी, काजळ यांना दारातच थांबवलं. सहा महिने फक्त आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बंद खोलीत शेगडीचा धूरही नको, त्या फुप्फुसांना आधीच धाप लागलेली असते. आजीने यावर तोडगा काढला. गुटीची सहाण, वेखंड, जायफळ सगळं स्वच्छ करून देवघरात ठेवलं. आशीर्वाद पोचला, पोटात काही गेलं नाही.

कागदपत्रांचंही सांगतो. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत. जुळ्यांची नोंद वेगवेगळी, दोन दाखले. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, लवकर आलं म्हणून ती पुढे ढकलायची नाही. उलट, मान धरणं, बसणं, चालणं हे मोजताना जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करायचे. आमच्या नातवंडांचे सात. कोणी विचारलं, अजून मान धरत नाही का, तर मी म्हणायचो, सात आठवडे रजेवर आहे.

आणि शेवटचा मुद्दा बाळांच्या आईचा. सगळे पाळण्यात डोकावतात. धाकटी दुसऱ्यांदा परतल्यावर माझी मुलगी झोपायची वेळ असूनही झोपेना. दोघांच्या छातीवर हात ठेवून जागी बसायची. कारण नसताना रडायची, मग रडले म्हणून रडायची. दोन आठवडे झाले तरी ते कमी होईना, तेव्हा जावई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. तिला गुण आला. तुमच्या घरात असं दिसलं आणि कोणाशी बोलावं कळेना, तर 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, चोवीस तास. 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं' हे वाक्य तेवढं गिळून टाका.

तुमच्या ओळखीत कोणाकडे जुळी आली असतील, तर पहिला महिना बाळ बघायला जाऊ नका. फोन करा आणि विचारा, दुपारी दोन ते चार मी येऊन कपडे धुऊ का, की डबा पाठवू? आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिंधी वहिनींनी चाळीस दिवस रोज संध्याकाळी पोळ्या पाठवल्या. बाळं त्यांनी पाहिली थेट बारशाला. त्या बाईंना मी आजही भेटलो की उभा राहतो.

नातवंडं आता चौदा महिन्यांची आहेत. थोरला चालायला लागला आहे. धाकटी अजून रांगते, पण त्याच्या हातातलं खेळणं रांगत जाऊन काढून घेते. दोन्ही वह्या कपाटात आहेत. फ्रिजवरचा कागद मात्र मी काढून शेजारच्या इमारतीत दिला. तिथे गेल्या महिन्यात जुळी आली आहेत. तुम्हीही आज ऐकलेलं मोठ्या अक्षरांत लिहून ज्याला लागेल त्याच्या दारावर लावा.

जय हिंद.